रणगाडा चार इंच वर

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. विषय एकच, रणगाडा. इकडचंतिकडचं काही लिहायचं नाही.

रणगाडा घेऊन महिना झाला. सेकंडहँड आहे, पण फोर व्हील ड्राइव्ह. रंग शेवाळी, पाठीवर स्टेपनी. नुसता उभा असला तरी कुठूनतरी लढून आल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात महिन्याभरात ऑफिस आणि लॉन्ड्री. हा दोष गाडीचा नाही, माझाही नाही. उंचीचा आहे. आमच्या 'चिखलवीर' ग्रुपवर कर्नलनी स्पष्टच लिहिलं, लिफ्ट किट नसेल तर ती ऑफरोड गाडी नव्हे, ती नुसतीच गाडी.

(कर्नल सैन्यात नव्हते. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. पण मिशा आहेत.)

संकल्प: येत्या रविवारपर्यंत किट निवडायचं. अभ्यास करून, कोणाच्याही दडपणाखाली न येता. ७ सप्टेंबरला ग्रुपची मोहीम आहे, जुन्या दगडखाणीत. त्याच्या आत रणगाडा वर गेलाच पाहिजे.

७.०५. आईला किट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. लांब स्प्रिंगा, लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर. ते बसवले की गाडीचं अंग चाकांपासून वर उचललं जातं, दगडधोंडे खाली लागत नाहीत. आई म्हणाली, म्हणजे गाडीला टाचा. विषय सोडून दिला.

६ ऑगस्ट, बुधवार

अठरा वर्षं लिफ्टच्या कंपनीत आहे. इमारतीतल्या लिफ्टच्या. माणसं अडकली की फोन माझ्या टेबलावर येतो. घाबरू नका, दरवाजा ओढू नका, आमचा माणूस निघालाय. माणूस बहुतेक वेळा निघालेला नसतो, पण आवाजात खात्री लागते. तेव्हा लिफ्ट या विषयावर मला कोणी शिकवू नये.

लंच टाइममध्ये अभ्यास. पर्याय तीन. पहिला, दोन इंच: जुन्याच स्प्रिंगवर एक चकती ठेवायची. म्हणजे बुटात पुठ्ठा घालून उंची वाढवणं. माझ्या स्वभावात नाही. दुसरा, तीन इंच: नवी स्प्रिंग, नवा शॉक. समंजस माणसाचा पर्याय. तिसरा, चार इंच: हे वेड्यांचं काम. तीन इंच जवळजवळ नक्की.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना स्क्रीन दाखवला. त्यांनी विचारलं, किती माणसांची आहे?

अभ्यासाच्या भरात एक गृहस्थ होल्डवर राहिले. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये होते. पुन्हा फोन घेतला तर म्हणाले, झाली चालू, मी आता घरी पोचलोय, जेवतोय. माणूस सोशिक होता.

९ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळ

पोटाखालून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायला रणगाड्याखाली शिरलो. खाली छान गार होतं. किंचित डोळा लागला. वरच्या मजल्यावरच्या काकूंना फक्त माझे पाय दिसले. त्यांनी आरडाओरडा करून हिला बोलावलं.

ही म्हणजे बायको. जनावरांची डॉक्टर. तिने वाकूनसुद्धा पाहिलं नाही. तळपायाला टाचणी टोचली, पाय झटकला गेला, तर काकूंना म्हणाली, जिवंत आहेत, आणि वर गेली.

अंतर मोजायचं राहून गेलं.

नोंद: हिची छोटी गाडी, डबी, रणगाड्याशेजारी उभी असते. ही रोज त्या डबीतून गोठे फिरते आणि डबी काचांपर्यंत माखून आणते. रणगाड्याच्या शेजारी ते बरं दिसत नाही. पुसून तरी आणत जा म्हटलं. ही म्हणाली, रस्ता पुसून द्या, गाडी पुसून आणते. ऑफरोडिंगची गोडी नसलेल्या माणसाशी याविषयी काय बोलणार.

१० ऑगस्ट, रविवार

निवडीचा दिवस. आज निर्णय घ्यायचाच, म्हणून मार्गदर्शनाला कर्नलच्या दुकानात गेलो. माणूस विषयात मुरलेला. म्हणाले, स्प्रिंग कागदावर कळत नाही, पाठीला कळते. मला एका गादीवर झोपवलं. मऊ. म्हणाले, ही कंपनीची मूळ स्प्रिंग, खड्ड्यात बुडणार. दुसरीवर झोपवलं. म्हणाले, हे तीन इंच. तिसरीवर झोपवलं. पाठ एकदम सरळ झाली. म्हणाले, आता बोला!

बोललो. डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता.

घरी गादी घेऊन आलो. टपावर बांधून. रणगाड्याने पहिल्यांदाच खरा बोजा वाहिला, त्या दृष्टीने दिवस फुकट गेला असं म्हणता येणार नाही. किटचा निर्णय पुढच्या रविवारी.

१३ ऑगस्ट, बुधवार

पाठ धरली आहे. त्या गादीवर ही मात्र ढाराढूर झोपते. दिवसभर गोठ्यात वाकून कंबर गेली होती म्हणे, आता फरक आहे. किटच्या अभ्यासातून घरच्यांना असे फायदे होत असतात. कोणी बोलून दाखवत नाही.

कळलं की कर्नलच्या गाडीला साडेतीन इंच आहे.

तीन इंचाचा पर्याय पुन्हा तपासला. त्यात काही तांत्रिक त्रुटी आढळल्या. चार इंच हेच शास्त्रशुद्ध.

१७ ऑगस्ट, रविवार

ऑर्डर दिली! वेबसाइटवर एक प्रश्न होता: गाडीत साधारण किती वजन असतं? पर्याय: एकटा चालक; कुटुंब; लांब पल्ल्याची मोहीम, अतिजड सामान. खरं पाहता आम्ही तिघं आणि आईची पिशवी. पण माणसाने आज आहे त्यावर अडून राहू नये. अतिजड केलं.

मेकॅनिककडे जाऊन बोलून ठेवलं. त्याला विचारलं, चार इंच बसेल? होऊन जाईल. ब्रेकचे पाइप पुरतील? होऊन जाईल. स्टिअरिंगला काही त्रास? होऊन जाईल. इतका सकारात्मक माणूस या धंद्यात दुर्मीळ.

३० ऑगस्ट, शनिवार

बसलं! दिवसभर गॅरेजात उभा होतो. रणगाडा जॅकवरून खाली उतरला आणि उतरता उतरता वरच राहिला. डोळे भरून आले. वेल्डिंगकडे बघितल्यामुळेही असेल.

काही नट उरले. मेकॅनिक म्हणाला, कंपनी जास्तीचे देते. कंपनी चांगली आहे.

आत चढताना पँट उसवली. शिवणच कच्ची होती.

३१ ऑगस्ट, रविवार

आईला चक्कर मारून आणली. स्टूल लावून चढवली, वर गेल्यावर खूश होती. म्हणाली, लोकांच्या गच्च्या दिसतात. पण पहिल्याच गतिरोधकावर दोघंही सीटवरून सुटलो. आईचा चष्मा मागच्या सीटवर सापडला. म्हणाली, मी इथे उतरते, बसने येते. आणि खरंच बसने गेली.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, स्प्रिंगा जड वजनाच्या आहेत, रिकाम्या गाडीत दबतच नाहीत. काहीतरी वजन टाका, होऊन जाईल.

वाळूची पोती आणून मागे टाकली. आता बरी दबते. मागून रणगाडा पहिल्याइतकाच उंच दिसतो, फक्त तोंड वर झालंय. ही बाल्कनीतून बघत होती. म्हणाली, म्हणजे उचलायला किट आणि दाबायला पोती? मी म्हटलं, याला बॅलन्स म्हणतात.

६ सप्टेंबर, शनिवार

उद्या मोहीम. पोती काढली, रणगाडा धुतला, पुन्हा धुतला, टायरला पॉलिश. ग्रुपवर लिहिलं, उद्या सगळ्यांत पुढे मी राहीन, नवख्यांनी माझ्या चाकोरीतून यावं. कर्नलनी सलाम करणारा बाहुला पाठवला.

डबीचा क्लच गेला. गॅरेजात टाकली. डबीच ती, जाणारच.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ६.००

तयार. टोपी, गळ्यात शिटी, गाडी ओढायचा जाड दोर, थर्मास. आठला खाणीच्या तोंडाशी.

६.१५. हिला फोन आला. ओढ्यापलीकडच्या गोठ्यात गाय अडली आहे, रात्रीपासून कळा देतेय, वासराचा पाय मागे दुमडलेला. ही म्हणाली, रणगाड्याची किल्ली द्या. मी म्हटलं, आज मोहीम आहे. हिने गमबूट घातले, पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागली. चालत! आई नुसती माझ्याकडे बघत राहिली.

रणगाडा दुसऱ्याच्या हातात देणं मला पटत नाही. म्हटलं, गाडीत बस, मीच सोडतो. ग्रुपवर टाकलं: तातडीचं रेस्क्यू. उशीर होईल.

दुपारी ४.००

अंघोळ करून लिहितोय. दुसऱ्यांदा.

डांबरी रस्ता होता तोवर मी उत्तम चालवलं. पुढे ही सारखी म्हणत होती, डावीकडून घ्या. पण समोरचा रस्ता जास्त ऑफरोड दिसत होता. तो ओढ्यात उतरत होता. व्हिडिओत उतरण असते तेव्हा खाली काय आहे ते दिसतं. इथे मला बॉनेट दिसत होतं आणि बॉनेटच्या वर आभाळ. एक चाक दगडावर चढलं आणि गाडी माझ्या बाजूला कलली. कललेल्या गाडीत चार इंच फार मोठे असतात, हे कुठल्याच वेबसाइटवर दिलेलं नाही.

मी ब्रेक दाबून परिस्थितीचा आढावा घ्यायला सुरुवात केली. आढावा बराच वेळ चालला. पाय ब्रेकवरून निघत नव्हता.

ही म्हणाली, अहो, घाबरू नका. मी म्हटलं, घाबरलेलो नाही, विचार करतोय. ही म्हणाली, बरं. फक्त तुमचा दरवाजा उघडू नका, तिकडे उतार आहे. मी हँडब्रेक ओढलाय. आता पाय हळूच काढा आणि दोन सीटांच्या मधून मागे जा. घाई नाही.

हुबेहूब माझा ऑफिसातला आवाज. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूने ऐकला. ऐकून बरं वाटतं खरं.

मागे गेलो. ही सरकून माझ्या जागेवर बसली, लो गिअर टाकला (मी सांगणारच होतो) आणि रणगाडा एकेका दगडावरून म्हाताऱ्या माणसासारखा पाय चाचपत उतरला. पाणी, चिखल, पलीकडचा चढ. मी मागून सूचना देत होतो. डोळे मिटले होते, कारण त्यामुळे इंजिनाचा आवाज नीट ऐकू येतो.

वर पोचल्यावर हिला म्हटलं, बघितलंस, पाणी दाराला लागलं नाही. चार इंच! ही म्हणाली, डावीकडून फरशीचा पूल आहे. डबी रोज त्याच्यावरून येते.

गोठ्यात गाय आडवी पडलेली. तांबडी, मोठी. मालकीणबाई तिच्या डोक्याशी बसून तिच्याशी बोलत होत्या. ही खांद्यापर्यंतचे हातमोजे घालून जमिनीवर पालथी झाली. बराच वेळ हात आत, डोळे छताकडे. मग म्हणाली, पाय सरळ झाला, दोर द्या. मी धावत जाऊन मोहिमेचा दोर आणला. ही म्हणाली, याने ट्रक ओढा. स्वतःच्या पिशवीतला बारीक दोर वासराच्या पायांना बांधला आणि टोक माझ्या हातात दिलं. म्हणाली, गाय जोर करेल तेव्हाच ओढायचं. ती थांबली की थांबायचं. आणि सरळ मागे नाही, खालच्या अंगाला.

ओढलं. थांबलो. ओढलं. पाय घसरून दोनदा बसलो, ज्यात बसलो त्याला चिखल म्हणू या. गायीचा डोळा माझ्याकडे होता. मी तिला म्हटलं, घाबरू नका, माणूस आलाय. मालकीणबाई हसल्या आणि त्यांनीही मागून माझा दोर धरला.

एकदम सैल पडलं आणि वासरू माझ्या मांडीवर. ओलं, गरम, भलतं जड. हलत नव्हतं. ही म्हणाली, सरका. त्याच्या नाकात गवताची काडी घातली, तोंड साफ केलं, छाती खसाखसा चोळली. माझा हात त्याच्या मानेखाली तसाच राहिला होता, काढायचं सुचलं नाही.

मग ते शिंकलं. माझ्या तोंडावर.

कालवड आहे.

परत येताना ही म्हणाली, छान ओढलंत, वेळ बरोबर साधलीत. लिहून ठेवण्यासारखं नाही, तरी लिहिलं. मुख्य मुद्दा, किट पास झालं.

मोहीम बुडाली. आता पुढच्या वेळी.

८ सप्टेंबर, सोमवार

ग्रुपवर मोहिमेचे फोटो आले. सगळ्या गाड्या खाणीच्या काठावर ओळीने. कर्नल घडीच्या खुर्चीत. खाली लिहिलंय, चिखलावर विजय. नीट पाहिलं. एकाही गाडीला चिखल नाही. एकाला खासगीत विचारलं, तर म्हणाला, आत फार चिखल होता, म्हणून कोणी उतरलं नाही.

शांतपणे आमचा कालचा फोटो टाकला. मालकीणबाईंनी काढलेला. रणगाडा आरशांपर्यंत माखलेला, मी बॉनेटवर कोपर टेकून. ग्रुप गार. मग अंगठ्यांचा पाऊस. ऑफिसात दिवसभर फोन हातात. अडकलेल्या माणसांनाही आज माझा आवाज आवडला असावा.

सायंकाळी कर्नलचा मेसेज: स्टिअरिंगवर कोण आहे?

फोटो मोठा करून पाहिला. काचेतून ही दिसत होती. बराच वेळ टाइप केलं, पुसलं. शेवटी लिहिलं, टीमवर्क.

१४ सप्टेंबर, रविवार

ग्रुपच्या आग्रहावरून हिला ग्रुपात घेतलं. आज खाणीत प्रात्यक्षिक. दोन गोठ्यांच्या मधे अर्धा तास आहे म्हणाली. हिने कर्नलना शेजारी बसवून रणगाडा तळापर्यंत नेला आणि वर आणला. कर्नल उतरले ते थेट घडीच्या खुर्चीत. मिशा खाली आल्या होत्या. पाणी मागितलं.

सगळे हिच्याभोवती. टायरमध्ये हवा किती ठेवायची, ब्रेक कधी सोडायचा. मी किटच्या निवडीमागची भूमिका समजावून सांगायला लागलो होतो, पण ऊन फार होतं.

डबी दुरुस्त होऊन आली. मी तीच ऑफिसला नेतो. दूरच्या गोठेवाल्यांचे हिला फोन यायला लागलेत, त्यामुळे रणगाडा हिच्याकडे. तात्पुरती व्यवस्था. डबीत पार्किंगला त्रास होत नाही, एवढंच.

२१ सप्टेंबर, रविवार

रणगाडा खाली आला.

मला कोणी विचारलं नाही. ही परस्पर गॅरेजात घेऊन गेली. दिवसातून वीसदा गमबुटात चढ-उतर करून गुडघे गेले म्हणाली, आणि वळणावर औषधांच्या बाटल्या आडव्या होतात. हिने मेकॅनिकला विचारलं, जुन्या स्प्रिंगा परत लावता येतील? तो म्हणाला, होऊन जाईल.

मी आरडाओरडा केला नाही. वस्तुस्थिती अशी की मूळ उंचीच चांगली, असं माझं मत पहिल्यापासून होत चाललं होतं. ग्रुपवर तसा सविस्तर लेख टाकला. गुरुत्वमध्य वगैरे. खाली एकच प्रतिक्रिया आली, कर्नलची: मॅडमना विचारून सांगा, बरोबर आहे का.

विचारलं. म्हणाली, बरोबर आहे. आणि म्हणाली, गुरुवारी त्या गोठ्यावर जायचंय, कालवडीला बघायला, येता का. ऑफिसात फार काम आहे. तरी रजा टाकली.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ८.३०

किट विकायचं ठरवलं होतं. स्प्रिंगा पुसून ठेवायला गॅलरीत गेलो. आईने चारही ओळीने उभ्या मांडलेल्या. वर कुंड्या. कोरफड फूटभर उंच झालीय, मोगरा कठड्याच्या वर आलाय. आई म्हणाली, ऊन आता बरोबर मिळतं, इतके दिवस बिचारी सावलीत होती.

मी म्हटलं, अगं आई, या मोहिमेच्या स्प्रिंगा आहेत, अतिजड वजनाच्या. इतक्या कमी वजनाला त्या दबणारही नाहीत.

आई म्हणाली, नको दबू देत. कुंड्यांना कुठे जायचंय?

झारी भरून आणून दिली.